रैणी: ऋषिगंगेच्या संगमावरील एका डोंगरी वाडीचा भूगोल आणि इतिहास



इतिहासाच्या पुस्तकात लहान गावाचे नाव येते ते बहुधा एखाद्या लढाईमुळे, तहामुळे किंवा तिथे जन्मलेल्या मोठ्या माणसामुळे. उत्तराखंडातील रैणी या वाडीचे नाव येते ते एका दिवसामुळे. तो दिवस म्हणजे २६ मार्च १९७४. 'चिपको आंदोलन' या शीर्षकाखाली तुम्ही दोन-चार ओळी वाचल्या असतील, झाडाला मिठी मारलेल्या बायकांचे एखादे चित्र पाहिले असेल आणि परीक्षेत दोन गुणांचे उत्तर लिहून पुढे गेला असाल.

या टिपणात आपण त्या एका दिवसाच्या मागे आणि पुढे जाणार आहोत. रैणी कुठल्या जमिनीवर वसली आहे, तिथले लोक कशावर जगत होते, जंगलावरचा त्यांचा हक्क कसा गेला, १९७४ मध्ये नेमके काय घडले आणि २०२१ मध्ये त्याच वाडीच्या पायाशी नदीने काय केले, हे क्रमाने पाहू. मी अभियांत्रिकी शिकवतो, त्यामुळे अधूनमधून आकडेमोड येईल. ती टाळू नका. या वाडीचा इतिहास आकड्यांशिवाय अर्धाच कळतो.

१. ठिकाण

नकाशा उघडा आणि हरिद्वारपासून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध वर जा. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एकत्र येतात. तिथून अलकनंदेचा हात धरून श्रीनगर (काश्मीरमधले नव्हे, गढवालमधले), रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, चमोली असे करत जोशीमठला पोहोचा. जोशीमठच्या खाली विष्णुप्रयागला धौलीगंगा येऊन मिळते. ही धौलीगंगा तिबेटच्या सीमेवरील नीती खिंडीकडून खाली येते. तिच्या काठाने वीस-पंचवीस किलोमीटर वर गेले, की पूर्वेकडून एक अरुंद, खोल घळ येऊन मिळते. ती ऋषिगंगा. या संगमाच्या वरच्या उतारावर रैणी आहे. उंची सुमारे दोन हजार मीटर.

ऋषिगंगा नंदादेवी शिखराच्या (७,८१६ मीटर) कुशीतून निघते. शिखराभोवती इतर शिखरांचे जवळजवळ अखंड कडे आहे आणि त्या कड्यातून पाण्याला बाहेर पडायला एकच फट आहे. ती फट म्हणजे ऋषिगंगेची घळ. ही घळ इतकी दुर्गम, की एरिक शिप्टन आणि बिल टिलमन या गिर्यारोहकांना तिच्यातून आतल्या खोऱ्यात पोहोचण्याची वाट सापडली ती थेट १९३४ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३६ मध्ये, टिलमन आणि नोएल ओडेल नंदादेवीच्या माथ्यावर पोहोचले. म्हणजे रैणी एका अतिउंच आणि बंदिस्त खोऱ्याच्या तोंडाशी बसली आहे. आतल्या खोऱ्यात बर्फ, दगड, पाणी जे काही सुटेल, ते याच तोंडातून बाहेर येणार. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

महसुली कागदात रैणी एका नावाने नाही. 'रैणी चक लाता' आणि 'रैणी चक सुभाई' अशी दोन गावे नोंदलेली आहेत. चक म्हणजे जमिनीचा तुकडा. लाता आणि सुभाई ही आसपासची गावे. ही नावे या दोन गावांशी असलेले जमिनीचे जुने नाते सांगतात. बोलताना लोक वल्ली रैणी आणि पल्ली रैणी म्हणतात. मराठीत आपण अलीकडची वाडी, पलीकडची वाडी म्हणतो, तसेच.

२. पायाखालची जमीन

हिमालय अजून घडतो आहे. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाई भूपट्टाखाली घुसतो आहे आणि त्या दाबाने खडकांचे थर एकमेकांवर चढत आहेत. ज्या मोठ्या भ्रंशांवरून हे थर चढले, त्यांपैकी 'मुख्य मध्य भ्रंश' जोशीमठ-तपोवन परिसरातून जातो. रैणीच्या खालच्या अंगाला असलेल्या तपोवनला गरम पाण्याचे झरे आहेत, ते याच तुटलेल्या, भेगाळलेल्या खडकांची खूण. भूकंपाच्या दृष्टीने चमोली जिल्हा देशातल्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात मोडतो. २९ मार्च १९९९ रोजी चमोलीत सुमारे ६.६ तीव्रतेचा भूकंप झाला आणि शंभराच्या आसपास माणसे दगावली.

जमीन वर उचलली जाते, नदी तिला तितक्याच जोमाने खाली कापते. म्हणून दऱ्या खोल आणि उतार उभे. अशा ठिकाणी माणूस घर बांधतो ते थोड्याशा सपाट जागी. आणि ही सपाट जागा पुष्कळदा जुनी दरड कोसळून साचलेल्या ढिगाऱ्याची असते. माती भुसभुशीत, शेतीला चांगली, झरेही मिळतात. पण ढिगाऱ्याचा पाया नदीने कापला, की वरचा सगळा उतार सैल होतो. तुमच्यापैकी स्थापत्य शाखेचे जे असतील, त्यांना उताराच्या स्थैर्याचे गणित माहीत आहे: पायथ्याचा आधार काढला, की सुरक्षिततेचा गुणांक घसरतो.

३. वाट, मीठ आणि लोकर

रैणीचे लोक भोटिया समाजातील. नीती खोऱ्यात या समाजाचे दोन मोठे गट आहेत. वरच्या गावांतले मारछा प्रामुख्याने व्यापार करत, खालच्या गावांतले तोलछा शेती आणि पशुपालनावर अधिक अवलंबून. नीती, गमशाली, मलारी अशा वरच्या गावांतली कुटुंबे हिवाळ्यात गुरेढोरे घेऊन खाली उतरतात आणि बर्फ वितळले की परत जातात. रैणी त्यांच्या या वाटेवर आहे.

शतकानुशतके या वाटेने तिबेटशी व्यापार चालला. पाच हजार मीटरहून उंच असलेल्या नीती खिंडीतून धान्य वर जायचे. मीठ आणि लोकर खाली यायची. ओझे वाहायची शेळ्या-मेंढ्यांनी: पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या लहान पिशव्या, आणि अशा शेकडो जनावरांचा तांडा. रैणीच्या आसपासच्या उतारांवर राजमा, राजगिरा, बटाटा, जव, नाचणी पिकते. पण शेते लहान. पोटाचा हिशेब शेत, जनावर, जंगल आणि वाट या चारांवर मिळून बसायचा.

१९६२ मध्ये चीनशी युद्ध झाले आणि खिंड बंद झाली. चारातला एक आधार एका झटक्यात गेला. सीमेवर सैन्य आले, सैन्यासाठी जमिनी घेतल्या गेल्या, रस्ते आले. रस्त्याने जसे सैन्य वर आले, तसे लाकूड खाली जाऊ लागले. आजवर ज्या देवदारांपर्यंत ठेकेदाराचा हात पोहोचत नव्हता, ते आता ट्रकच्या टप्प्यात आले. रैणीच्या इतिहासातला हा मोठा सांधा आहे: ज्या घटनेने व्यापाराची वाट बंद केली, तिनेच लाकडाची वाट उघडली.

४. जंगल कोणाचे?

१८१५ मध्ये गोरख्यांचा पराभव झाल्यावर अलकनंदेच्या पूर्वेकडील गढवाल इंग्रजांच्या ताब्यात आला. कमिशनर ट्रेलने १८२३ मध्ये गावांच्या हद्दी नोंदवल्या. विक्रम संवत १८८० मध्ये झाली म्हणून तिथले लोक या नोंदीला 'अस्सी साल' म्हणतात. या हद्दीत शेताबरोबर गावाचे रान, कुरण, चराई यांचाही समावेश होता. पुढे वनहक्कांच्या वादात गावकरी वारंवार याच नोंदीकडे बोट दाखवत आले.

रेल्वे आली, रुळांखाली घालायला लाकूड हवे झाले आणि सरकारचे लक्ष डोंगरातल्या जंगलाकडे वळले. १८६५ आणि १८७८ चे वन कायदे आले. १९११ ते १९१७ या काळात कुमाऊँ आणि ब्रिटिश गढवालमधील मोठे वनक्षेत्र राखीव झाले. गवत कापणे, पाला आणणे, जनावर चारणे या रोजच्या गोष्टींना परवाना लागू लागला. १९२१ मध्ये कुमाऊँत असंतोष इतका पेटला, की राखीव जंगलांना आगी लावल्या गेल्या. सरकारने चौकशी समिती नेमली आणि १९३१ मध्ये वन पंचायतीचे नियम केले. गावाला थोडे जंगल परत मिळाले, पण मौल्यवान लाकडाचे जंगल वन खात्याकडेच राहिले. स्वातंत्र्यानंतरही ही रचना बदलली नाही. झाडांचा लिलाव शहरात व्हायचा, बोली मैदानी भागातला ठेकेदार लावायचा आणि कुऱ्हाड डोंगरात पडायची.

५. दोन पूर: १८९४ आणि १९७०

रैणीकडे वळण्याआधी याच अलकनंदा खोऱ्यातील दोन पूर पाहू. ते पाहिल्याशिवाय १९७४ आणि २०२१ दोन्ही नीट कळत नाहीत.

सप्टेंबर १८९३ मध्ये अलकनंदेची उपनदी बिरही गंगा हिच्यावर गोहना गावाजवळ डोंगराचा कडा कोसळला आणि नदी अडली. मागे मोठे सरोवर साचू लागले. बांध फुटणार हे उघड होते. प्रश्न होता कधी. अभियंता पुलफर्ड यांनी सरोवरात येणारे पाणी आणि बांधाची उंची यांवरून ऑगस्ट १८९४ चा अंदाज बांधला. गोहनापासून खाली हरिद्वारपर्यंत तारेची सोय केली गेली. बांधावर एक अधिकारी बसवून रोज पातळी कळवली जाऊ लागली. काठावरची माणसे हलवली, झुलते पूल आधीच उतरवून ठेवले. २५-२६ ऑगस्टच्या रात्री बांध फुटला. श्रीनगर शहर धुऊन गेले. पण माणसे वाचली. मृत्यू नोंदले गेले ते एका फकिराच्या कुटुंबातील पाच जणांचे. हलवल्यावरही ते परत तिथे गेले होते.

दुसरा पूर २० जुलै १९७० चा. प्रचंड पावसाने अलकनंदा फुगली. बेलाकुची ही रस्त्यावरची वस्ती वाहून गेली. पूल गेले, रस्ते गेले, गोहनाचे उरलेसुरले सरोवर गाळाने भरून संपले आणि दूर खाली हरिद्वारला गंगेच्या कालव्यात गाळ साचून सिंचन थांबले. गोपेश्वरच्या 'दशोली ग्राम स्वराज्य' संस्थेचे कार्यकर्ते मदतकार्यासाठी फिरले. चंडीप्रसाद भट्ट त्यांचे प्रमुख. फिरताना त्यांना एक गोष्ट दिसली: जिथे वरचे जंगल तुटले होते, तिथे दरडी अधिक कोसळल्या होत्या. वाहून आलेल्या ओंडक्यांनी अरुंद जागी पाणी तुंबवले होते. ही प्रयोगशाळेतली पाहणी नव्हती. पण गावागावांत फिरून केलेली होती आणि लोकांना पटली, कारण त्यांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहिली होती.

६. २६ मार्च १९७४

१९७३ मध्ये या संस्थेने शेतीची अवजारे बनवण्यासाठी अंगू या झाडाची थोडी लाकडे मागितली. अंगूचे लाकूड हलके आणि चिवट. जू बनवायला उत्तम. वन खात्याने नकार दिला आणि तीच झाडे अलाहाबादच्या एका क्रीडासाहित्य कंपनीला दिली. म्हणजे बैलाच्या जुवाला लाकूड नाही, पण खेळाच्या बॅटीला आहे. एप्रिल १९७३ मध्ये मंडल गावात लोकांनी झाडांना कवटाळण्याचा निर्धार केला आणि कंपनीची माणसे हात हलवत परतली. 'चिपको' हा शब्द तिथून रूढ झाला.

जानेवारी १९७४ मध्ये रैणीच्या जंगलातील सुमारे अडीच हजार झाडांचा लिलाव डेहराडूनला झाला. कार्यकर्ते रैणी-लाता भागात सभा घेऊ लागले. मग २६ मार्चचा दिवस उजाडला. त्या दिवशी गावातले पुरुष चमोलीला गेले होते. सैन्यासाठी घेतलेल्या जमिनींची भरपाई बरीच वर्षे अडकली होती आणि ती घ्यायला या, असा निरोप नेमका त्याच दिवसासाठी आला होता. मुख्य कार्यकर्ते वन अधिकाऱ्यांच्या भेटीमुळे गोपेश्वरला अडकले होते. वाडीत उरल्या बायका, म्हातारी माणसे आणि मुले. आणि मजूर रैणीच्या अलीकडेच बसमधून उतरून आडवाटेने जंगलाकडे निघाले.

एका मुलीने त्यांना पाहिले आणि धावत जाऊन गौरादेवींना सांगितले. गौरादेवींचा जन्म १९२५ सालचा, लाता गावचा. लग्न होऊन रैणीला आल्या, बाविसाव्या वर्षी विधवा झाल्या, एक लहान मूल पदरात. शाळा शिकलेल्या नव्हत्या. गावच्या महिला मंगल दलाच्या त्या प्रमुख होत्या. सत्तावीस-अठ्ठावीस बायका आणि मुली घेऊन त्या जंगलात गेल्या. मजुरांना त्यांनी भावासारखे समजावले: जेवण करा आणि परत जा, आमची माणसे आल्यावर बोला. काही जणांनी शिवीगाळ केली, एकाने बंदूक रोखल्याचेही त्या बायका सांगत आल्या. पण त्या हटल्या नाहीत. त्यांनी सांगितले, की हे जंगल आमचे माहेर आहे.

मराठी वाचकाला या शब्दाचे वजन समजावून सांगायला नको. माहेर म्हणजे अडीअडचणीला जिथे हक्काने जाता येते ती जागा. गवत, पाला, सरपण, औषधी मुळ्या, कंद आणि दुष्काळातले अन्न जिथून येते, त्या रानाला तिथल्या बाईने माहेर म्हणणे ही काव्यकल्पना नव्हती. तो रोजचा व्यवहार होता. बायकांनी रात्रभर पहारा दिला. मजूर परतले.

सरकारने दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालानंतर १९७६ मध्ये अलकनंदेच्या वरच्या पाणलोटातील सुमारे १,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात दहा वर्षे व्यापारी वृक्षतोड बंद झाली. पुढे सुंदरलाल बहुगुणा आणि इतरांच्या प्रयत्नांनी एक हजार मीटरच्या वरच्या उंचीवर हिरवी झाडे तोडण्यावर पंधरा वर्षांची बंदी आली. १९८२ मध्ये भट्ट यांना मॅगसेसे पुरस्कार आणि १९८७ मध्ये चिपको आंदोलनाला 'राइट लाइव्हलिहूड' पुरस्कार मिळाला. गौरादेवी १९९१ मध्ये वारल्या.

७. राखीव झालेले माहेर

पाठ्यपुस्तकातली गोष्ट इथे संपते. रैणीची संपत नाही.

१९८२ मध्ये नंदादेवीचे आतले खोरे राष्ट्रीय उद्यान झाले आणि माणसांना बंद झाले. १९८८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. पर्यावरणाच्या दृष्टीने यामागे कारण होते: गिर्यारोहकांच्या मोहिमांनी कचरा झाला होता, सरपणासाठी झुडपे तुटली होती. पण किंमत कोणी मोजली? लाता, रैणी आणि शेजारच्या गावांची उन्हाळी कुरणे गेली, औषधी वनस्पती गोळा करणे गेले, मोहिमांत हमाल आणि वाटाडे म्हणून मिळणारी मजुरी गेली. ज्यांनी जंगल वाचवले, त्यांनाच जंगलात जायची मनाई झाली. १९९८ मध्ये लाताच्या लोकांनी आपल्या हक्कांसाठी 'झपटो-छीनो' आंदोलन केले. पुढे मर्यादित प्रमाणात पर्यटन सुरू झाले.

झाड वाचणे आणि झाडावरचा हक्क वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७४ मध्ये रैणीच्या बायका दोन्हींसाठी उभ्या होत्या. इतिहासाने त्यांच्या पदरात पहिली टाकली आणि दुसरी काढून घेतली.

८. नदी विकाऊ होते

२००० मध्ये उत्तराखंड राज्य झाले. नव्या राज्याकडे उद्योग कमी, पण उतार आणि पाणी भरपूर. जलविद्युत प्रकल्पांची रांग लागली. रैणीजवळ ऋषिगंगेवर १३.२ मेगावॉटचा खासगी प्रकल्प उभा राहिला. तिथून खाली धौलीगंगेवर तपोवन-विष्णुगाड हा ५२० मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. हे मोठी धरणे बांधणारे प्रकल्प नाहीत. एका ठिकाणी बंधारा घालून नदीचे पाणी बोगद्यात वळवायचे, पुढे बऱ्याच खाली जनित्रावर सोडायचे आणि परत नदीत. कागदावर बुडीत क्षेत्र कमी, म्हणून हे सौम्य वाटतात. पण बोगद्यासाठी सुरुंग लागतात आणि त्यातून निघालेला मुरूम-दगड कुठेतरी टाकावा लागतो. तो नदीकाठीच पडतो.

२०१३ च्या केदारनाथ आपत्तीनंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तज्ज्ञ समिती नेमली गेली. रवी चोपडा यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने २०१४ मध्ये तपासलेल्या २४ प्रकल्पांपैकी २३ करू नयेत, असे सांगितले. हिमनद्यांनी मागे सोडलेला सैल गाळ ज्या उंचीवर पडून आहे, तिथे बंधारे धोक्याचे आहेत, हा इशाराही दिला. २०१९ मध्ये रैणीच्या एका रहिवाशाने सुरुंग आणि नदीत टाकला जाणारा राडारोडा यांविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली. काम चालूच राहिले.

९. ७ फेब्रुवारी २०२१

रविवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास रोंती शिखराच्या (६,०६३ मीटर) उत्तर कड्यावरून खडक आणि बर्फाचा एक प्रचंड तुकडा सुटला. संशोधकांनी उपग्रह प्रतिमांवरून त्याचे आकारमान सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर काढले. त्यात सुमारे ८० टक्के खडक, २० टक्के बर्फ. तो सुमारे १,८०० मीटर खाली दरीत आदळला आणि तिथून ऋषिगंगेत उतरला.

त्या दिवशी पाऊस नव्हता. वर फुटण्यासारखे मोठे सरोवरही नव्हते. मग इतका पूर आला कुठून? हे तुम्ही स्वतः मोजू शकता. खडकाची घनता घनमीटरला २.६५ टन आणि बर्फाची ०.९ टन धरा. एकूण वस्तुमान सुमारे ६.२ कोटी टन येते. नदीत पोहोचेपर्यंत ते तीन हजार मीटरहून अधिक खाली उतरले. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला, की स्थितिज ऊर्जा सुमारे १.८ × १०¹⁵ जूल येते. आता त्यातला बर्फ घ्या: सुमारे ४९ लाख टन. किलोला ३३४ किलोजूल या हिशेबाने तो वितळवायला सुमारे १.६ × १०¹⁵ जूल लागतात. दोन्ही आकडे एकाच पातळीवरचे आहेत. सगळी ऊर्जा बर्फालाच मिळाली असे नाही, पण घर्षणानेच डोंगर स्वतःचा बर्फ वितळवत खाली आला, हे यातून समजते. वाटेतला बर्फ आणि ओला गाळही त्यात मिसळला. आलेली गोष्ट पाणी नव्हते. पाणी, चिखल आणि घराएवढ्या दगडांचा तो काला होता.

ऋषिगंगेचा प्रकल्प पूर्ण गेला. रैणीजवळचा सीमेकडे जाणारा पूल गेला आणि वरच्या गावांचा संपर्क तुटला. तपोवनच्या बंधाऱ्यावर आणि बोगद्यात काम करणारे मजूर अडकले. दोनशेहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. त्यात बरेचसे दूरच्या राज्यांतून आलेले मजूर होते आणि रैणीचीही काही माणसे होती.

रैणीजवळ प्रवाहाचा वेग सेकंदाला सुमारे २५ मीटर होता, तपोवनच्या आधी सुमारे १६ मीटर. अंतर आठ-दहा किलोमीटर. भागाकार करा: हाती वेळ दहा मिनिटांच्या आसपास, किंबहुना कमी. दहा मिनिटे थोडी आहेत, पण भोंगा वाजला तर बंधाऱ्यावरून बाजूच्या उतारावर चढायला पुरतात. भोंगा नव्हता. वरच्या उतारावर असलेल्या लोकांनी ओरडून आणि शिट्या वाजवून खालच्यांना सावध करण्याचा प्रयत्न केला. त्या वेळच्या चित्रफितींत ते ऐकू येते. १८९४ मध्ये या खोऱ्यात तार होती. २०२१ मध्ये शिट्टी होती.

दोन्ही प्रसंग सारखे नाहीत, हेही नीट लिहून ठेवा. गोहनाचे सरोवर साचायला अकरा महिने लागले, रोंतीचा कडा क्षणात सुटला. म्हणून १८९४ सारखे आठवडे आधी सांगणे इथे सोपे नव्हते. मात्र घटनेआधीच्या काही वर्षांच्या उपग्रह प्रतिमांत त्या कड्यावरची भेग रुंदावत गेलेली दिसते आणि प्रवाह सुरू झाल्यावर खाली इशारा देणे तर नक्कीच शक्य होते. दुर्घटनेनंतर रैणीजवळ पाण्याची पातळी मोजून भोंगा वाजवणारी यंत्रणा बसवली गेली.

आणखी एक प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात: जंगल असते तर हे थांबले असते का? नाही. कडा सुटला तो साडेपाच हजार मीटरच्या आसपास, तिथे झाड उगवतच नाही. झाडांची मुळे मातीचा वरचा थर धरतात, शेकडो मीटर खोल खडक धरत नाहीत. चिपकोचे श्रेय मोठे आहे, त्याला खोटे श्रेय जोडायची गरज नाही. २०२१ च्या प्रश्नाचे मूळ वेगळे आहे: अशा घळीच्या तोंडाशी इतकी माणसे कामाला ठेवताना वरच्या डोंगराकडे कोणी पाहत होते का?

१०. पायथा सुटतो

पुराने रैणीच्या खालचा काठ खरवडून नेला होता. जून २०२१ च्या पावसात उरलेला काठ ढासळू लागला, घरांना आणि शेतांना भेगा पडल्या, नीतीकडे जाणारा रस्ता खचला. गौरादेवींचा पुतळा सुरक्षिततेसाठी जोशीमठला हलवावा लागला. भूवैज्ञानिकांनी पाहणी करून वाडीचे पुनर्वसन सुचवले. सुभाईच्या हद्दीतील जमिनीचा विचार झाला, तेव्हा तिथल्या लोकांनी हरकत घेतली. डोंगरात रिकामी आणि सुरक्षित सपाट जमीन पडून नसते. ती कोणाचे तरी शेत किंवा कुरण असते.

जुलै २०२१ मध्ये रैणीच्या रहिवाशांसह पाच जणांची दोन्ही प्रकल्पांच्या परवानग्या रद्द करण्याची याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली, त्यांच्या हेतूविषयी शंका घेतली आणि प्रत्येकी दहा हजार रुपये भरायला सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठमधील शेकडो घरांना भेगा पडल्या आणि तिथली कुटुंबे हलवावी लागली. जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले आहे, हे १९७६ मध्येच मिश्रा समितीने लिहून ठेवले होते. ज्या वर्षी रैणीच्या जंगलाला संरक्षण मिळाले, त्याच वर्षी.

११. सारांश

रैणीचा इतिहास एका ओळीत मांडायचा तर असा: निर्णय दूर झाले, परिणाम वाडीत उतरले. खिंड दिल्ली आणि बीजिंगच्या भांडणात बंद झाली. झाडांची बोली डेहराडूनला लागली. खोऱ्याला वारसा ठरवणारे परदेशात बसले. विजेचा करार राजधानीत झाला. दरवेळी स्थानिक माणसांनी काहीतरी सांगितले होते, आणि १९७४ चा अपवाद सोडला तर त्यांचे ऐकले गेले नाही. १९७४ मध्ये ऐकले गेले, कारण त्या प्रत्यक्ष आडव्या उभ्या राहिल्या.

तुमच्यापैकी काही जण पुढे रस्ते, बोगदे, पूल बांधतील, काही जण परवानग्यांच्या फायली पाहतील. एखाद्या डोंगरी वाडीजवळ काम करायची वेळ आली, तर भूवैज्ञानिक अहवालाबरोबर त्या वाडीचा इतिहासही मागवा. कुठे दरड आली होती, कुठल्या साली पूर कुठवर चढला, कोणते शेत आजोबांच्या काळी सोडून दिले आणि का, ही माहिती तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडे असते आणि तिला पैसे पडत नाहीत. पुलफर्ड यांनी मोजले, कळवले आणि लोकांना हलवले. यांतले एकही काम आज तेव्हापेक्षा अवघड नाही.

स्वाध्याय

१. नकाशावर धौलीगंगा, ऋषिगंगा, तपोवन, जोशीमठ आणि विष्णुप्रयाग दाखवा. संगमाच्या जागेमुळे रैणीला कोणते फायदे आणि कोणते धोके मिळाले?

२. १९६२ च्या युद्धाचा रैणीच्या अर्थव्यवस्थेवर आणि जंगलावर झालेला परिणाम दहा ओळींत लिहा.

३. '१९७४ मध्ये जंगल वाचले, पण जंगलावरचा हक्क वाचला नाही.' या विधानाची १९८२ नंतरच्या घटनांच्या आधारे चर्चा करा.

४. बर्फाचे प्रमाण २० ऐवजी १० टक्के असते, तर कलम ९ मधील ऊर्जेचे गणित कसे बदलले असते? पुराच्या स्वरूपावर काय परिणाम झाला असता?

५. तुमच्या जिल्ह्यातील डोंगरउतारावर वसलेली एक वाडी निवडा. तिथल्या साठीपुढच्या तीन माणसांशी बोला आणि गेल्या पन्नास वर्षांतल्या दरडी, पूर आणि आटलेले झरे यांची तारीखवार नोंद तयार करा. ती नोंद ग्रामपंचायतीला द्या.